न धुतलेला पेरू

पिराजीचा राग नाकाच्या शेंड्यावर बसणारा नव्हता. तो तळपायातून निघायचा. विहिरीला खालून पाझर फुटावा तसा हळूहळू चढायचा, आणि एकदा काठोकाठ आला की महिनोन्महिने उतरायचा नाही. त्याची बायको गंगव्वा म्हणायची, "लोकांचा राग दुधासारखा. उतू गेला की झालं. तुमचा ताकासारखा. ठेवंल तितका आंबट."

बेंगळुरूजवळच्या येलहंक्याच्या जुन्या गावात ज्याच्या अंगणात फळझाड आहे आणि ज्याला पिराजी ठाऊक नाही, असं घर सापडायचं नाही. काळी सायकल, मागे कॅरियरला बांधलेला पत्र्याचा डबा, डब्यात निंबोळीचा अर्क. पुढे हँडलला आंबट ताकाची बरणी आणि गंगव्वानं जुन्या सुती कपड्यांच्या शिवलेल्या पिशव्यांचं गाठोडं. पेरू, चिकू, सीताफळ, आंबा, ज्याचं जे असेल त्याची किडीपासून राखण करायची, हा त्याचा धंदा. विष वापरायचं नाही, हा त्याचा हट्ट.

हट्ट कुठून आला ते सांगितलं पाहिजे, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

पिराजी निपाणीकडचा. अठरा वर्षांचा असताना त्याच्या थोरल्या भावानं, उमाजीनं, वांगी केली होती. मळ्यात वांग्यांच्या वीस ओळी, आणि विहिरीच्या कडेला आणखी दोन वेगळ्या. वीस ओळींवर दर आठवड्याला पंप फिरायचा. दोन ओळींवर कधीच फिरायचा नाही. त्या दोन ओळींची वांगी घरात शिजायची, वीस ओळींची बाजारात जायची. एक दिवस पिराजीनं विचारलं, "दादा, ती वांगी कोण खातंय?"

"ज्यानं इकत घेतली त्यो."

"त्याला म्हाईत हाय, आपण कुठली खातो?"

उमाजी पंपाचा पट्टा खांद्यावर चढवत होता. त्यानं मान सुद्धा वळवली नाही. "त्यानं इचारलंय का?"

एवढंच. पण त्या दिवसापासून पिराजीला त्या दोन ओळींचं वांगं गिळेना. पुढं पोटासाठी तो बेंगळुरूला आला. शिवाजीनगरात एका गॅरेजमध्ये तीन वर्षं लोखंड घासलं, आणि हातांना मातीची आठवण झाली तेव्हा येलहंक्यात येऊन लोकांच्या बागा बघू लागला. तेव्हाच त्यानं एक रीत धरली. ज्या झाडाची राखण आपण केली, त्याचं पहिलं पिकलेलं फळ आपणच तोडायचं. धुवायचं नाही, सदऱ्याला पुसायचं सुद्धा नाही. घरमालकासमोर उभं राहून सालासकट खायचं, आणि मग म्हणायचं, "आता तुम्ही खावा."

बावीस वर्षं त्यानं ती रीत मोडली नव्हती. त्याच्याजवळ पाटी नव्हती, छापलेलं कार्ड नव्हतं. तो एक घास हीच त्याची पाटी. लोक म्हणायचे, पिराजीनं खाल्लं ना, मग खा डोळे झाकून.

आणि त्याच घासावर घाला आला.

नरसिंहरावांचं घर जुन्या तळ्याकडच्या गल्लीत. बेंगळुरूत पिढ्यान्‌पिढ्या मुरलेलं मराठी घराणं, घरातली मराठी अशी की तिच्यात कन्नड कुठे सुरू होतं ते त्यांचं त्यांनाही सांगता यायचं नाही. नरसिंहराव कचेरीतून निवृत्त झालेले, सोवळ्याओवळ्याचे, एकादशी पाळणारे. सगळी गल्ली त्यांना आदरानं रायरू म्हणायची. त्यांच्या पत्नी अनुसूयाबाई, सगळ्यांच्या अक्का. मुलगा वादिराज मोठ्या कंपनीत. आणि अंगणात एक पेरू, अक्कांनी लग्न होऊन आल्या वर्षी लावलेला.

दर श्रावणात वरमहालक्ष्मीच्या शुक्रवारी अक्का पन्नास सवाष्णींना तांबूल द्यायच्या. पानसुपारी, नारळ, खण, बांगड्या आणि घरच्या झाडाचा एक पेरू. एका वर्षी एका सवाष्णीनं घरी जाऊन पेरू कापला, तर आत अळ्या वळवळत होत्या. तिनं ते गल्लीभर सांगितलं. अक्कांनी त्यानंतर चार दिवस धड जेवण केलं नाही. पाचव्या दिवशी त्यांनी पिराजीला बोलावलं.

पिराजीनं झाडाभोवती एक फेरी मारली आणि एकच अट घातली. "माझ्याबिगर झाडाला कुणी काय मारायचं न्हाई, अक्का. आणि मारलंच, तर मला सांगायचं."

"सरी," रायरू खुर्चीतून कन्नडात होकार देत म्हणाले. "सांगू की. त्यात काय आहे?"

मग पिराजी वर्षभर त्या झाडाशी जडला. उन्हाळ्यात आळं खणून माती उलटी केली, म्हणजे जमिनीत झोपलेले माशीचे कोष उन्हानं भाजतात आणि उरलेले साळुंक्या वेचतात. गळालेलं फळ एक दिवसही जमिनीवर राहू दिलं नाही. ते पिशवीत बांधून उन्हात टाकायचं, कारण पडलेल्या फळातूनच पुढची फौज निघते. पेरू सुपारीएवढे झाले तशी एकेकाला पिशवी घातली. पिशव्या रायरूंच्या जुन्या धोतरांच्या. गंगव्वा शिवताना हसायची, "रायरूंच्या धोतरात पेरू. माशी लाजूनच जायची."

आणि मग तुळस. तुळशीचा पाला चुरगाळून करवंटीत पाण्यात घातला आणि करवंट्या फांद्यांना टांगल्या की पेरूवरच्या माशीचे नर त्या वासानं वेडे होऊन येतात आणि पाण्यात पडतात. नर गेले की माद्या बिननवऱ्याच्या. मग अळी होणार कुठून? पण रायरूंना ते कळलं तेव्हा ते खुर्चीतून उठलेच.

"तुळशीनं जीव मारायचा? देवाच्या तुळशीनं? महापाप रे, पिराजी!"

"मी कुठं मारतोय, रायरे? मी नुसतं बलावतोय. बुडायचं का न्हाई ते त्यांचं ते बघतील."

रायरूंना ते पटलं नाही. शेवटी अक्कांनी मागच्या दारची, पूजेला न लागणारी तुळस दिली, तीही द्वादशी आणि रविवार सोडून. रायरू रोज सकाळी करवंटीखाली उभे राहून बुडालेल्या माश्यांसाठी डोळे मिटून हात जोडायचे. पिराजीला त्याचं हसू यायचं आणि थोडं बरंही वाटायचं. एवढ्याशा माशीसाठी ज्याचं मन दुखतं, त्याच्या अंगणात काम करायला काय हरकत आहे, असं त्याला वाटायचं. त्या वाटण्याचाच पुढं त्याला सगळ्यात जास्त राग आला.

आषाढात झाडावर पिठ्या आला. पांढरा, पिठासारखा, फांद्यांच्या बेचक्यात चिकटून रस पिणारा किडा. पिराजी सायकल मारत देवनहळ्ळीच्या पलीकडे गेला. तिथं नव्या घरांच्या लेआऊटसाठी एक जुनी बाग तोडत होते. तोडलेल्या फांद्यांवरून त्यानं डब्यात एका छोट्या भुंग्याची पिल्लं गोळा केली. ती पिल्लं पिठ्या खाऊन जगतात. गंमत अशी की दिसतात अगदी पिठ्यासारखीच. तशीच पांढरी, अंगावर तशीच लोकर. घरी येऊन त्यानं ती खोडावर सोडली आणि अक्कांना आणि रायरूंना जवळ बोलावून दाखवलं.

"हे बगा. बसून राहतंय ते वैरी. चालतंय ते आपलं. चालणाऱ्याला हात लावायचा न्हाई."

रायरूंनी चष्मा वर करून बघितलं. "सरी, सरी. चालणारे आपले." दोघांनी मान डोलावली. वादिराज तेव्हा ऑफिसात होता. त्याला कुणी सांगितलं नाही.

पुढचं पिराजीला नंतर कळलं, पण तुम्हाला आत्ताच सांगतो. वरमहालक्ष्मीच्या आधीच्या शनिवारी अक्का बहिणीकडे गेल्या होत्या. वादिराज घरी होता. त्यानं खोडावर पांढरी कीड बघितली, शंभर-दीडशे, आणि सगळी चालत होती. त्याच्या अंगावर काटा आला. पन्नास बायका यायच्या आहेत आणि झाडावर ही वारूळफौज! त्यानं फोन केला. दुपारी घरोघर झुरळं मारत फिरणारा एक फवारेवाला आला. त्याच्या टाकीत जे होतं ते, आणि बाटलीवर लिहिलं होतं त्याच्या दुप्पट दाट करून, त्यानं झाडावर शेंड्यापासून बुडापर्यंत मारलं. धोतराच्या पिशव्यांनी ते पाणी पिऊन घेतलं आणि फळांच्या अंगाला लावून ठेवलं.

रायरू व्हरांड्यात पेपर वाचत बसले होते. चालणारे आपले, हे त्यांना ठाऊक होतं. ते एवढंच म्हणाले, "पिराजीला सांगायला हवं रे." वादिराज म्हणाला, "अप्पा, तो उगाच भांडत बसेल. दोन दिवसांत सगळं उडून जातं. सोडा."

रायरूंनी सोडलं.

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, पिराजी आला. वर्षभराच्या कष्टाचा दिवस होता, म्हणून धुतलेला सदरा घालून आला होता. बरोबर शेजारच्या गल्लीतल्या रत्नाबाई होत्या. त्यांच्या दारात चिकूची दोन झाडं होती आणि पिराजीला काम द्यावं की नाही, हे त्यांना त्याची रीत स्वतःच्या डोळ्यांनी बघून ठरवायचं होतं. रात्रभर पाऊस बुरबुरत होता, झाड ओलंच होतं. पिराजीला पडसं झालेलं, नाक चोंदलेलं. आणि खरं सांगायचं तर त्या दिवशी त्याचं लक्ष झाडावर कमी आणि रत्नाबाईंच्या चेहऱ्यावर जास्त होतं. अभिमान माणसाला आंधळं करतो तो असा.

त्यानं सगळ्यात खालची पिशवी सोडली. आत पिवळा, डागाशिवाय, मुठीएवढा पेरू. त्यानं तो सगळ्यांना दिसेल असा वर धरला.

"बगा रत्नाबाई. न धुता. न पुसता."

व्हरांड्यात रायरू पेपर वाचत होते. पेपर खाली आला. पिराजीला ते स्पष्ट दिसलं. पेपर खाली आला, रायरूंचं तोंड उघडलं, आणि पिराजी थांबला, कारण त्याला वाटलं की रायरू काहीतरी आशीर्वादाचं बोलणार. वर गच्चीत वादिराज दात घासत उभा होता. त्याचा हात थांबला होता. मग रायरूंचं तोंड मिटलं आणि पेपर पुन्हा वर गेला.

पिराजीनं पेरू खाल्ला. सालासकट, सबंध.

"आता तुम्ही खावा," तो म्हणाला.

"आज नको, पूजेनंतर," पेपरच्या मागून आवाज आला.

अर्ध्या तासानं रत्नाबाईंच्या चिकूखाली पिराजीच्या तोंडाला पाणी सुटलं. घाम फुटला. डोळ्यांपुढे चिकूच्या पानांचं हिरवं पिवळं झालं, आणि तो पोट धरून खाली बसला तो आडवाच झाला. रत्नाबाईंनी आरडाओरडा करून ऑटो थांबवली. दवाखान्यात डॉक्टरांनी त्याच्या डोळ्यांत बॅटरी मारून विचारलं, "काय काम करता?" रत्नाबाईंनी सांगितलं, "झाडांना औषध मारतो." डॉक्टर म्हणाले, "मग तेच पोटात गेलंय."

दोन दिवस सलाईन लागली. आणि त्या दोन दिवसांत डॉक्टरांचं ते एक वाक्य सगळ्या येलहंक्यात फिरून आलं. पिराजीच्या औषधानं पिराजीच पडला. म्हणे नैसर्गिक! म्हणे ताक आणि निंबोळी! देव जाणे डब्यात काय असायचं.

बुधवारी दवाखान्यातून सुटल्यावर तो थेट पेरूपाशी गेला. त्यानं कुणाला विचारण्याआधी झाडानंच त्याला सांगितलं. बुडाशी ती पांढरी पिल्लं पाठीवर पडलेली, पाय आखडलेले. तुळशीच्या करवंटीत एकही नवी माशी नाही. एका पिशवीच्या गाठीत मधमाशी चिकटून मेलेली. त्यानं पिशवी सोडून नाकाला लावली. आता नाक उघडलं होतं.

वादिराज बाहेर आला. "अरे पिराजी, बरं वाटतंय का? हे बघ, तुझ्याकडून काहीतरी चूक झाली असेल. होतं माणसाकडून. आम्ही काही तक्रार करणार नाही."

पिराजीला आधी ते कळलंच नाही. मग कळलं.

"तुम्ही तक्रार करणार न्हाई?"

"नाही नाही. तू काळजी करू नको."

पिराजीनं व्हरांड्याकडे बघितलं. "रायरे. झाडावर काय मारलं कुणी?"

रायरू भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते. श्रावणाचं पान होतं, शुक्रवारच्या चौकोनाला कुंकू लावलेलं. "तब्येत सांभाळ स्वल्प," एवढं म्हणाले आणि आत गेले.

तेव्हा त्याच्या तळपायात पहिला पाझर फुटला.

गुरुवारी फोन सुरू झाले. सगळे गोड आवाजात. "पिराजी अण्णा, या महिन्यात राहू दे हं." "आम्ही झाडच काढायचं म्हणतोय." "तू आधी बरा हो." दुपारपर्यंत नऊ घरं सुटली. बावीस वर्षांत जोडलेली. गंगव्वा पिशव्यांच्या ढिगाऱ्यासमोर बसून सगळं ऐकत होती.

"घास घास म्हणून मिरवत हुता," ती म्हणाली. "घास न्हवं, फास हाय त्यो. आता तरी जाऊन सगळ्यांना सांगा, त्या वादिराजनं मारलंय म्हणून."

"माझं कोण ऐकतंय? ते थोर लोक. मी डबा घेऊन फिरणारा."

"मग बसा गप. उद्या शुक्रवार हाय. उद्या तांबूल वाटतील. खातील पन्नास घरं, आणि पडंल एखादं आडवं. आपोआप कळंल सगळ्यांना."

ती रागानं बोलली होती, पण पिराजीच्या डोक्यात ते बोलणं रुतून बसलं. खरंच, काहीच करायचं नाही. नुसतं घरात बसायचं. एखाद्या बाईचं लेकरू पेरू खाऊन ओकायला लागलं की दवाखाना, चौकशी, आणि मग पिराजीचं नाव धुतल्यासारखं स्वच्छ. त्यानं तो विचार तोंडात फिरवून बघितला. आणि मग त्याला उमाजीचा आवाज ऐकू आला. त्यानं इचारलंय का?

"अगं," तो उठत म्हणाला, "ह्या तर त्याच वीस ओळी हायत."

गंगव्वाला काही समजलं नाही. पण नवऱ्याचे डोळे बघून तिनं ओळखलं की पाणी काठाला आलं.

शुक्रवारी तिसऱ्या प्रहरी तो गेला. फाटकाला आंब्याचं तोरण, दारात मोठी रांगोळी. आत रेशमी साड्यांची सळसळ, मोगऱ्याचा वास, देवीला साडी नेसवलेली. अक्का उंबऱ्याशी बसून एकेकीच्या ओटीत तांबूल घालत होत्या. त्यांच्या शेजारी परडी, परडीत पिवळेधम्मक पेरू. पिराजी तसाच पायऱ्या चढून व्हरांड्यात आला. बायका थबकल्या. रत्नाबाई नुकत्याच तांबूल घेऊन उठत होत्या.

"पिराजी?" अक्का म्हणाल्या. "बरा झालास का रे? मी बहिणीकडे होते, मला आल्यावर कळलं. प्रसाद घेऊन जा, ये."

अक्कांना काहीच ठाऊक नव्हतं. ते त्यांच्या डोळ्यांतच दिसत होतं, आणि त्यामुळे पिराजीचा राग आणखी चढला. ज्या बाईनं झाड लावलं, तिलाही त्यांनी सांगितलं नव्हतं.

त्यानं परडीतला एक पेरू उचलला आणि खुर्चीत बसलेल्या रायरूंच्या समोर धरला.

"रायरे, खावा."

"अरे, आत्ता काय..."

"पूजा झाली. नैवेद्य झाला. तुम्हीच म्हणाला हुता, पूजेनंतर. आज पूजेनंतर हाय. न धुता, न पुसता. खावा."

वादिराज आतून धावत आला. "पिराजी, हा काय तमाशा? घरात गेस्ट आहेत. चल बाहेर."

"तुमी गप. तुमी तक्रार करणार न्हाई म्हणाला हुता न्हवं? मग करू नका. मी रायरूंशी बोलतोय. रायरे, करवंटीत माशी बुडली तर तुम्ही हात जोडत हुता. मी तुमच्यापुढं पेरू खाल्ला, तवा हात कुठं हुते तुमचे? पेपरात!"

रायरूंचे ओठ हलले. फार बारीक आवाजात ते म्हणाले, "तू विचारलं नाहीस, पिराजी."

आता तुम्हाला कळलं असेल की त्या माणसाच्या डोक्यात काय झालं असेल. निपाणीच्या मळ्यातला पंपाचा पट्टा, ती विहीर, ते दोन ओळींचं वांगं, सगळं एका क्षणात त्याच्या घशाशी आलं.

"इचारायचं?" तो ओरडला. "खाणाऱ्यानं इचारायचं? हर एक घासाला, का वो, ह्यात इख हाय का म्हणून? तुमी सांगायचं ठरलं हुतं! ह्याच खुर्चीत बसून सरी म्हणाला हुता!"

रायरूंनी त्याच्याकडे बघितलं. पहिल्यांदाच, सरळ. मग त्या म्हाताऱ्या माणसानं हात पुढे केला, पिराजीच्या हातातला पेरू घेतला, आणि तोंडाकडे नेला. ते खाणार होते. त्यांच्या तोंडावर असं काही होतं की ते सबंध खाणार होते, हे सगळ्यांना दिसलं. दात सालीला लागले.

पिराजीच्या हाताचा फटका बसला. पेरू उडून भिंतीवर आपटला आणि रांगोळीत जाऊन फुटला.

"मला न्हाई जमत!" पिराजीच्या तोंडून शब्दांबरोबर थुंकी उडत होती. "मला तुमच्यासारखं बघत उभं राहायला जमत न्हाई!"

रायरूंनी हातातल्या रिकाम्या जागेकडे बघितलं. आणि मग मोठ्यानं, फाटकापर्यंत ऐकू जाईल असं, ते म्हणाले, "शनिवारी मारलं. माझ्यासमोर मारलं. मला ठाऊक होतं. त्यानं खाल्लं तेव्हाही मला ठाऊक होतं."

"अप्पा!" वादिराज म्हणाला. "अहो सहा दिवस झाले, त्यात आता काही उरलंही नसेल..."

त्यानं जीभ चावली, पण शब्द सुटून गेला होता. रत्नाबाईंनी आपल्या पिशवीतला पेरू काढला, परडीत ठेवला, आणि पदराला हात पुसले. दोनदा पुसले.

"मी सांगत फिरले," त्या पिराजीला म्हणाल्या. "सगळीकडे मीच सांगितलं, तुझ्या औषधानं झालं म्हणून."

"मग आता हेबी सांगत फिरा," पिराजी म्हणाला. "तितक्याच घरांत."

अक्का उठल्या. रडल्या नाहीत, मुलाकडे बघितलंही नाही. "आधी कुणाकुणाला गेले पेरू?" त्यांनी विचारलं. बारा जणी गेल्या होत्या. अक्कांनी नेसत्या रेशमी साडीत, अनवाणी, बारा घरं फिरून बारा पेरू परत आणले. प्रत्येक दारात त्यांनी स्वतःच्या तोंडानं कारण सांगितलं. तोवर रत्नाबाई परडीकडे बोट दाखवून हळूच म्हणाल्या, "एवढे सगळे फेकायचे? गाईला तरी घालू या का?"

"गाईनं काय घोडं मारलंय तुमचं?" पिराजी म्हणाला.

त्यानंच अंगणाच्या कोपऱ्यात कमरेइतका खड्डा खणला. देवीपुढचे पाच पेरू सुद्धा त्यात गेले. पिशव्याही गेल्या, रायरूंच्या धोतरांच्या. माती लोटली आणि फावडं तिथंच टाकून तो निघाला. मागून रायरूंनी हाक मारली. त्यानं वळून बघितलं नाही.

सुटलेली नऊ घरं आठवड्याभरात परत आली, शिवाय रत्नाबाईंचे चिकू. लोक म्हणाले, झालं, आता राग सोड. पण ताक ठेवलं की आंबतं. तो त्या गल्लीतून जाईनासा झाला. सायकल घेऊन तळ्याला वळसा घालून जायचा. वादिराज एकदा घरी आला होता, मिठाईचा पुडा घेऊन. गंगव्वानं तो दारातूनच परत दिला. "यात काय काय घातलंय ते आम्हाला म्हाईत न्हाई," ती म्हणाली.

पुढच्या वैशाखात अक्का आल्या. काही आणलं नव्हतं. उंबऱ्याशी बसल्या आणि म्हणाल्या, "पेरूला पुन्हा पिठ्या लागलाय. झाडानं तुझं काही केलं नाही, पिराजी."

ते खरं होतं. झाडानंच तर त्याला खरं सांगितलं होतं. तो गेला. आळं खणलं, करवंट्या टांगल्या, पिल्लं सोडली. सगळं केलं, पण त्या घरचं पाणी प्यायला नाही आणि व्हरांड्याची पायरी चढला नाही. वादिराज दिसला की तो झाडाच्या पलीकडच्या बाजूला काम काढायचा.

श्रावणात पहिला पेरू पिकला. पिराजीनं तो तोडला. धुतला नाही, पुसला नाही. पण तोंडाला लावला नाही. झाडाखालूनच हात लांब करून त्यानं तो व्हरांड्याकडे धरला. आता सगळ्या घरांतून त्याची हीच रीत झाली होती. ज्याचं झाड, पहिला घास त्याचा.

रायरू खुर्चीतून उठले, पायऱ्या उतरून अनवाणी झाडापर्यंत आले. त्या वर्षभरात त्यांच्या हातात पेपर कुणी बघितला नव्हता. त्यांनी पेरू घेतला आणि सालासकट खाऊ लागले. दात फारसे उरले नव्हते, म्हणून वेळ लागत होता. बिया कडाकड वाजत होत्या. पिराजी एकटक त्यांच्या तोंडाकडे बघत उभा राहिला. शेवटचा घास गिळून होईपर्यंत त्यानं नजर हलवली नाही.

मग त्यानं वरचा दुसरा पेरू तोडला, त्यांच्याकडे पाठ केली आणि खाल्ला.